पितरांचा स्वयंपाक आणि सुनेचे नाव : कोरिया, जपान, चीनमधील स्त्रीवादी कथा-कादंबऱ्या

निंबोणी लिहितात :

गेल्या महिन्यात मी चो नाम-जू यांची ‘किम जी-यंग, जन्म १९८२’ ही कोरियन कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचली. २०१६ साली ती कोरियात प्रसिद्ध झाली, दोन-अडीच वर्षांत तिच्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि २०१९ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. त्यामुळे इथल्या काही जणांनी ती वाचली किंवा पाहिली असेल असे मी धरून चालते. वाचून झाल्यावर एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

या कादंबरीत खलनायक नाही. जी-यंगचा नवरा मारहाण करत नाही, उलट बाळाच्या बाबतीत ‘मी मदत करीन’ असे वारंवार सांगतो. (या ‘मदत’ शब्दावर ती एकदा चिडते, तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून आमच्या स्वयंपाकघराकडे एकवार पाहिले.) सासू तिचा छळ करत नाही. तरीही चुसॉकच्या, म्हणजे पितरांच्या पूजेच्या सणाला बुसानला सासरी गेलेली जी-यंग, सगळा स्वयंपाक आटोपून नणंद माहेरी येऊन टेकल्यावर, अचानक स्वतःच्या आईच्या आवाजात बोलू लागते आणि सासऱ्यांना सांगते की तुमची लेक घरी आली, आता आमचीही लेक आमच्याकडे पाठवा. घरातल्यांना वाटते, तिला काहीतरी झाले आहे. तसे झालेलेही असते. पण त्या दिवशी त्या घरात तेवढेच एक वाक्य खरे बोलले गेलेले असते.

सासू-सुनेचा कलह आपल्याला नवा नाही. कन्फ्यूशियस या प्राचीन चिनी विचारवंताच्या परंपरेतून ज्या देशांची कुटुंबे घडली, तिथल्या लेखिका मात्र मला काहीतरी निराळे करताना दिसतात. त्या नेमक्या कशाविरुद्ध लिहितात? घरातल्या माणसांविरुद्ध, की ज्या विधींनी आणि नोंदवह्यांनी ते घर उभे राहते त्यांच्याविरुद्ध? एक विनंतीही करते. ‘आपल्याकडेही अगदी असेच’ हे वाक्य अनेक प्रतिसादांत येणार हे मला ठाऊक आहे, माझ्याही मनात ते पहिल्या पानापासून होते. पण जिथे तसे नाही, तिथे थोडे अधिक थांबूया.

तिरफळ :

आपल्याकडेही अगदी असेच. (राहवले नाही, क्षमस्व.) मला शेवटच्या प्रकरणातल्या डॉक्टरांबद्दल पुष्कळ बोलायचे आहे, परंतु ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांचा रसभंग नको, म्हणून धागा वयात येईपर्यंत थांबते.

सोलापूरकर :

विरोधी सूर लावल्याबद्दल राग नसावा. मी ही कादंबरी वाचली आहे आणि तिला कादंबरी म्हणावे का, याचीच मला शंका आहे. मधूनमधून तळटिपा येतात, त्यांत स्त्रियांच्या वेतनाचे आणि नोकऱ्यांचे आकडे असतात. जी-यंगला स्वभाव नाही, आवडीनिवडी नाहीत, एखादी खोडी नाही. शाळेत अन्याय, नोकरीत अन्याय, लग्नात अन्याय अशी ओळीने प्रकरणे येतात. विषय महत्त्वाचा आहे म्हणून पुस्तक मोठे होत नाही. एखाद्या आयोगाच्या अहवालाला नायिका जोडली की त्याची कादंबरी होते, हे मला मान्य नाही.

दुभाषी :

पुण्याच्या आसपासच्या कोरियन कारखान्यांत मी बरीच वर्षे दुभाष्याचे काम करते आणि त्याआधी भाषा शिकण्यासाठी वर्षभर कोरियात एका कुटुंबात राहिले होते. सोलापूरकरांच्या आक्षेपाचे उत्तर मला त्या घरातल्या चुसॉकवरून द्यावेसे वाटते.

चुसॉक म्हणजे त्यांच्या आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा. त्या दिवशी सकाळी पितरांपुढे पदार्थ मांडून पूर्वजांना वंदन करतात. आदल्या दिवशी सकाळी जमिनीवर वर्तमानपत्रे अंथरली गेली, मध्ये विजेचा सपाट तवा ठेवला गेला आणि आम्ही बायका त्याभोवती बसलो. दुधी भोपळ्यासारख्या भाजीच्या चकत्या, माशाचे तुकडे, टोफू हे सगळे आधी पिठात घोळवायचे, मग अंड्यात बुडवायचे आणि तव्यावर परतायचे. या पदार्थाला ‘जॉन’ म्हणतात. संध्याकाळपर्यंत तेलाचा वास केसांत इतका मुरला की दोनदा डोके धुऊनही तो गेला नाही. पितरांच्या पदार्थांत मिरची आणि लसूण घालायचे नसतात, हे कळल्यावर मला आमच्या आजीचे श्राद्धाचे सोवळे आठवले आणि क्षणभर मी घरीच असल्यासारखे वाटले. मोदकासारखी तांदळाच्या उकडीची, पण चंद्रकोरीच्या आकाराची ‘सोंगप्यॉन’ पाइनच्या पानांवर वाफवली जात होती.

दुसऱ्या दिवशी तांबडी फळे पूर्वेला आणि पांढरी पश्चिमेला, मासा पूर्वेला आणि मांस पश्चिमेला, अशी मांडणी पुरुषांनी तपासली. थोरल्या मुलाने मद्य अर्पण केले, पुरुषांनी वाकून नमस्कार केले. ज्या दोघींनी सगळे शिजवले होते, त्या दाराशी उभ्या होत्या. धाकटी सून माहेरी निघण्यासाठी बॅग भरत होती, तेवढ्यात नणंद आपल्या सासरचे वंदन आटोपून नवऱ्यासह दारात आली. तिच्यासाठी पुन्हा पान मांडणे आले. धाकट्या सुनेने बॅगेची चेन लावली, बॅग दाराआड सरकवली आणि परत आत जाऊन तवा तापत ठेवला. तिला कोणी थांब म्हटले नव्हते.

आता आक्षेपाबद्दल. जी-यंग हे त्या पिढीतल्या मुलींचे अतिशय प्रचलित नाव आहे आणि किम हे कोरियातले सर्वांत मोठे आडनाव. लेखिकेने तिला मुद्दामच स्वभावाच्या खोड्या दिलेल्या नाहीत. तळटिपा यासाठी की ‘हे जरा वाढवून सांगितले आहे’ म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे कागद दाखवता यावा. २०१८ मध्ये एका प्रसिद्ध गायिकेने आपण हे पुस्तक वाचल्याचे नुसते सांगितले, तेव्हा काही पुरुष चाहत्यांनी तिची छायाचित्रे जाळून त्याचे व्हिडिओ टाकले होते. असा वाचकवर्ग समोर असेल तर मीही तळटिपा दिल्या असत्या.

सोलापूरकर :

अनुभव फार उत्तम लिहिला आहे. पण दुभाषीताई, गंमत पाहा. तुम्ही बॅगेच्या चेनेबद्दल जे एक वाक्य लिहिलेत, त्याला तळटीप लागली नाही. माझे म्हणणे एवढेच होते.

निंबोणी :

दोघांचेही पटते, त्यामुळे माझी अडचण झाली आहे. मला दुसरेच विचारायचे आहे. कोरियन स्त्री लग्नानंतर आडनाव बदलत नाही ना? मग ती आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे नाही का?

ओसरी :

याच समजामुळे आपण फसतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. माझा व्यवसाय वकिलीचा असल्याने कंटाळा आल्यास पुढच्या प्रतिसादावर जावे.

आपल्याकडे परंपरेने मुलगी लग्नात गोत्र बदलते, आडनाव बदलते आणि तांदळात अंगठीने नवे नाव लिहून पुष्कळदा पहिले नावही बदलते. म्हणजे तिला जुन्या घरातून पुसून नव्या घरात नोंदवले जाते. त्यात क्रौर्य आहेच, परंतु नोंद होते. कोरियात ती जन्माच्या घराण्याचे आडनाव मरेपर्यंत बाळगते, कारण ती नवऱ्याच्या रक्ताची नाही. माहेरच्या दृष्टीने ती ‘छुलगावेइन’, म्हणजे लग्न करून गेलेली परकी. आणि सासरच्या वंशावळीतही ती दुसऱ्या आडनावाची बाईच राहते. जुन्या वंशावळ्यांमध्ये सुनेची नोंद तिच्या घराण्याच्या मूळ गावाने आणि आडनावाने होते, तिचे पहिले नाव तिथे नसते. तिच्या मृत्यूनंतर तिच्यासाठी जी पूजेची पट्टी लिहितात, तिच्यावरही ‘किम्हेच्या किम घराण्यातील’ एवढेच येते. आपण आडनाव गमावतो, त्या पहिले नाव गमावत होत्या.

आता कायदा. ‘होजू’ ही कुटुंबप्रमुखाची पद्धत कोरियाच्या नागरी कायद्यात होती. प्रत्येक व्यक्तीची नोंद एका पुरुष प्रमुखाखाली व्हायची, आणि वडील गेल्यावर ते पद आईकडे न जाता मुलाकडे, मग तो पाळण्यात असला तरी, जायचे. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ही पद्धत घटनेशी विसंगत ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती प्रत्यक्षात संपली. त्याच २००५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, योंगिनच्या यी घराण्यातल्या विवाहित मुलींच्या दाव्यात, मुलीही घराण्याच्या मंडळाच्या सभासद आहेत असा निर्णय दिला. घराण्याची जमीन विकली गेली, पैसे वाटले गेले आणि लेकींना बरोबरीचा हिस्सा मिळाला नाही, म्हणून त्या न्यायालयात गेल्या होत्या.

कादंबरीत याचा एक फार शांत प्रसंग आहे. जी-यंग आणि तिचा नवरा विवाहनोंदणीचा अर्ज भरत असतात. मुलांना आईचे आडनाव द्यायचे ठरले आहे का, असा एक रकाना त्यात येतो. दोघे थोडे बोलतात आणि ‘नाही’वर खूण करतात. कायदा बदललेला आहे, पर्याय समोर आहे, कोणी जबरदस्ती करत नाही, आणि खूण मात्र जिथे व्हायची तिथेच होते. निंबोणी यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला त्या रकान्यात दिसते. कादंबरीचे शीर्षकही पाहा : नाव आणि जन्मवर्ष. नोंदवहीतली ओळच ती. वंशावळीने जे लिहायचे टाळले, ते लेखिकेने मुखपृष्ठावर छापले.

तिरफळ :

मला प्रतिसाद लिहायचा होता, पण आता वर जाऊन ओसरी यांचाच पुन्हा वाचते.

अवांतर_आबा :

माझ्या सभासदनामाला जागून थोडे अवांतर, तरी विषय सोडत नाही. सगळे खापर कन्फ्यूशियसच्या माथी फुटते आहे, म्हणून कोरियाच्या इतिहासाची एक आठवण करून देतो. सतराव्या शतकापर्यंत तिथे चित्र पुष्कळ वेगळे होते. मुलींना मुलांच्या बरोबरीने वारसा मिळे, पितरांचे विधी भावंडे आळीपाळीने करत आणि नवरा लग्नानंतर बायकोच्या घरी दीर्घकाळ राही. चित्रकार आणि कवयित्री शिन साइमदांग (१५०४–१५५१) लग्नानंतरही बरीच वर्षे गांगनुंगला माहेरी होती. तिचा मुलगा, पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला यूल्गोक, १५३६ मध्ये आजोळीच जन्मला. म्हणजे आज जिला ‘अनादि परंपरा’ म्हणतात, ती तीन-साडेतीनशे वर्षांची आहे. आणि हो, माय-लेक दोघेही कोरियाच्या नोटांवर आहेत. लेक पाच हजार वॉनवर, तर माता पन्नास हजारांवर. दहापट मान आणखी कोणत्या देशाने आईला दिला आहे?

रानजाई :

आबा, त्या नोटेची उरलेली गोष्टही सांगायला हवी. साइमदांगची निवड २००७ मध्ये जाहीर झाली, तेव्हा विरोध करणाऱ्यांत कोरियातल्या स्त्रीवादी संघटनाच पुढे होत्या. तिची चित्रे उत्तम आहेत. पण शाळेत मुलींना ती शिकवली जाते ती यूल्गोकची आई म्हणून, ‘सुजाण माता, सुशील पत्नी’ या साच्यात. नोटेवर चित्रकार छापली आहे की कुणाची आई, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरे म्हणजे, नियम पुरुषांनी लिहिले आणि बायकांनी सोसले इतके ते सरळ नाही. चीनमध्ये ‘स्त्रियांसाठी उपदेश’ हा ग्रंथ लिहिणारी बान झाओ ही हान काळातली विदुषी. भावाच्या मृत्यूनंतर हान घराण्याचा अपुरा राहिलेला इतिहास तिने पुरा केला. तिच्या उपदेशात सासूपुढे नमते घ्यावे हे आहे आणि मुलींनाही मुलांसारखे शिकवावे असा आग्रहही आहे. पुढच्या शतकांनी पहिला भाग पाठ केला आणि दुसरा सोयीने गाळला.

अवांतर_आबा :

मान्य. नोटेबद्दलचे विधान मी सपशेल मागे घेतो. नोट मात्र कोणी पाठवल्यास ठेवून घेईन.

कागदी_होडी :

मी जपानकडे वळते, कारण निंबोणी यांच्या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत धारदार उत्तर तिथे आहे. अरियोशी सावाको यांची १९६६ ची कादंबरी, हानाओका सेइशू या वैद्याच्या पत्नीवरची. सेइशू ही ऐतिहासिक व्यक्ती. १८०४ मध्ये त्याने रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करून स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, म्हणजे पाश्चात्त्य जगात ईथर येण्याच्या चार दशके आधी. त्याच्या औषधातला मुख्य घटक धोतरा होता, आपल्या महादेवाला वाहतो त्याच जातकुळीतला.

कादंबरीत काए ही मुलगी लहानपणापासून ओत्सुगी या देखण्या, हुशार बाईवर भाळलेली असते आणि पुढे तिचीच सून होऊन येते. नवरा, म्हणजे सेइशू, शिक्षणासाठी दूर असतो तोवर दोघींचे सख्य गावात वाखाणले जाते. तो परत येतो आणि त्या रात्रीपासून सगळे बदलते. भांडण मात्र एकदाही होत नाही. वरवर अतीव आदर, आत चढाओढ. औषध माणसावर तपासण्याची वेळ आल्यावर सासू म्हणते, माझ्यावर करा. सून म्हणते, छे, माझ्यावरच. दोघी एकमेकींना इतक्या विनयाने थोपवतात की वाचताना अंगावर काटा येतो. शेवटी दोघींवरही प्रयोग होतो आणि काए आंधळी होते. त्याच्या दोन बहिणी आयुष्यभर मागावर कापड विणून त्याच्या शिक्षणाचा खर्च भागवतात आणि अविवाहितच मरतात. त्यांतली धाकटी मरणाआधी काएला सांगते की ही चढाओढ दादाला कळत होती, तो न कळल्यासारखे दाखवत होता. आणि आपले लग्न झाले नाही हेच बरे झाले.

शेवटची ओळ स्मशानाबद्दल आहे. सेइशूच्या उंच दगडासमोर उभे राहिले की मागचे आईचे आणि बायकोचे दगड दिसतच नाहीत.

सोलापूरकर :

याला मी कादंबरी म्हणतो. मात्र यात निंबोणी यांचा सिद्धान्त कोलमडतो, कारण इथे सासू हीच खलनायिका ठरते.

कागदी_होडी :

ठरत नाही, असे मी नम्रपणे म्हणेन. ओत्सुगीने आयुष्यभर जे मिळवले ते मुलाच्या रूपाने मिळवले. चिनी परंपरेतली ‘तीन आज्ञापालने’ प्रसिद्ध आहेत : लहानपणी बापाचे, लग्नानंतर नवऱ्याचे, वैधव्यात मुलाचे. (आपल्या मनुस्मृतीतल्या ‘पिता रक्षति कौमारे’ या श्लोकाशी त्याचे साम्य इतके आहे की विनंती मोडून मी ते नोंदवतेच.) तिसऱ्या पायरीवरच्या बाईसाठी मुलगा हीच मालमत्ता, हेच पद. सून येते ती त्या पदाची दुसरी दावेदार म्हणून. जागा एकच ठेवली आणि उमेदवार दोन आणले, तर दोघींपैकी एकीला खलनायिका म्हणण्यात काय अर्थ आहे? मधे जो बसला आहे, त्याला तर दोन्ही बाजूंनी सेवा मिळते.

हिगुची इचियो यांची १८९५ ची ‘तेराव्या रात्री’ ही कथाही इथे आठवते. ओसेकी नवऱ्याच्या छळाला कंटाळून चांदण्या रात्री माहेरी येते, काडीमोड मागते. बाप वाईट नाही, तिच्याबरोबर रडतो. पण धाकट्या भावाची नोकरी जावयाच्या मेहेरबानीवर आहे आणि लहानगा मुलगा तिकडे आहे, म्हणून तो तिला समजावून परत पाठवतो. चोवीस वर्षांची होऊन क्षयाने गेलेल्या लेखिकेने हे लिहिले आहे. परतीच्या वाटेवर रिक्षा ओढणारा माणूस तिच्या बालपणीचा जवळचा मित्र निघतो, आणि दोघे आपापल्या वाटेने जातात. इथेही मला कोणी खलनायक सापडत नाही. नवरा कथेत समोर येतच नाही.

मुक्काम_नागपूर :

विधी आणि स्वयंपाकघर यांबद्दल बोलणे चालले आहे, म्हणून चिनी लेखक लू शुन यांची १९२४ ची नववर्षाच्या पूजेवरची कथा सांगितलीच पाहिजे. नायिकेला स्वतःचे नाव नाही. ती शेवटपर्यंत ‘शियांगलिनची बायको’ आहे, शियांगलिन मरून गेल्यावर आणि तिला बळजबरीने दुसऱ्याला देऊन टाकल्यावरही. दुसरा नवराही जातो, मुलाला लांडगा नेतो. ती जुन्या धन्याकडे कामाला परत येते, तेव्हा पूजेच्या वेळी तिला प्याले आणि जेवणाच्या काड्या मांडू दिल्या जात नाहीत, कारण ती दोनदा विधवा झालेली, अशुभ. कोणीतरी सांगते की देवळाला उंबरठा दान कर, हजारो पाय तुझ्याऐवजी त्याला तुडवतील आणि पाप फिटेल. वर्षभराची कमाई घालून ती उंबरठा देते, पूजेच्या दिवशी हलक्या मनाने भांड्यांना हात लावायला जाते, आणि मालकीण पुन्हा तेच म्हणते : राहू दे.

त्या ‘राहू दे’नंतर ती खचत जाते. दुभाषीताईंच्या घरातल्या सुनांना शिजवावे लागते, हिला शिजवू दिले जात नाही. ओसरी यांच्या नोंदवहीसारखेच हे दुसरे टोक आहे.

रानजाई :

कथा थोरच आहे, पण धागा स्त्रीवादी साहित्याचा आहे. लू शुन यांची नायिका बोलते ते एकच दुःख पुन्हा पुन्हा सांगण्यापुरते. तिच्याकडे पाहणारा निवेदक शिकलेला पुरुष आहे आणि ‘मेल्यावर आत्मा उरतो का’ या तिच्या प्रश्नालाही तो गुळमुळीत उत्तर देऊन निघून जातो.

मुक्काम_नागपूर :

त्या गुळमुळीत उत्तराची लाज लेखकाला वाटते आहे, हे कथेत स्वच्छ दिसते. तरी तुमचा भेद मान्य करतो. नायिकेच्या बाजूने लिहिणे वेगळे आणि तिच्या आतून लिहिणे वेगळे.

दुभाषी :

नावांवरून आठवले. कोरियन सून नवऱ्याच्या अविवाहित धाकट्या भावाला ‘दोर्योन्निम’ म्हणते, म्हणजे जवळजवळ ‘धाकटे मालक’, आणि त्याच्या धाकट्या बहिणीला ‘आगाश्शी’, म्हणजे पूर्वी मोठ्या घरातल्या मुलीला नोकरचाकर म्हणत ते. नवरा मात्र बायकोच्या भावंडांना अशी कोणतीही बढती देत नाही. अलीकडे तिथल्या राष्ट्रीय भाषासंस्थेने पर्यायी संबोधने सुचवली आहेत. मी हे आमच्या कार्यालयातल्या एका कोरियन सहकारिणीला ‘वन्सं’ आणि ‘भाऊजी’ समजावून सांगताना शिकले. ‘वन्सं’ वयाने लहान असली तरी तिला अहो-जाहो करायचे, हे ऐकल्यावर ती इतकी हसली की तिच्या कपातली कॉफी सांडली.

पोह्यांवर_शेव :

इथे मी नवीन आहे, चूकभूल द्यावीघ्यावी. हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’चा उल्लेख अजून कोणी कसा केला नाही? २००७ मध्ये ती कोरियनमध्ये आली, २०१६ मध्ये इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळाले आणि २०२४ मध्ये लेखिकेला नोबेल. माझ्या टेबलावर पुस्तक पाहून आमच्या सासूबाई प्रसन्न झाल्या होत्या. ‘चांगले आहे, निदान कोणीतरी सोडले,’ असे त्या म्हणाल्या. मी पुढचे सांगितले नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी मांसाहार न करणे म्हणजे आज्ञाधारकपणा, सोवळेपणा, घराण्याची रीत. तिथे नायिका योंग-हे स्वप्न पाहून फ्रीझरमधले मांस फेकून देते, तेव्हा ती घराची रीत मोडते आहे. नवऱ्याच्या वरिष्ठांसमोर जेवायला बसून ती खात नाही, ही त्याची बेअब्रू होते. पुढे तिचा बाप सगळ्या कुटुंबासमोर तिला थोबाडीत मारतो आणि तोंडात मांस कोंबतो. मराठी शाकाहारी वाचक पहिली पन्नास पाने बहुधा उलटी वाचतो : ‘यात एवढे काय?’ ‘आपल्याकडे असे नाही’ या सदरात निंबोणीताईंनी हे मांडून घ्यावे. ताटात काय असावे हे तिने ठरवले, एवढेच दोन्हीकडे खुपले असते. आमच्याकडे तिने मांस शिजवायला घेतले असते तर तेच झाले असते.

निंबोणी :

स्वागत आहे, आणि हा प्रतिसाद मांडून घेतला आहे. सासूबाईंना पुस्तक कधी वाचायला दिलेत तर इथे कळवा.

ओसरी :

जी-यंगमधला आणखी एक धागा सुटू नये. तिच्या आईला तिसऱ्या खेपेलाही मुलगी आहे असे कळते आणि ती गर्भ काढून टाकते; त्यानंतर मुलगा होतो. हे कथेपुरते नाही. १९९० मध्ये कोरियात दर शंभर मुलींमागे ११६.५ मुलगे जन्मले होते. गर्भाचे लिंग सांगण्यास १९८७ पासून बंदी असतानाही हे झाले. आपल्या महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम १९८८ मध्ये असा कायदा केला, त्यामुळे ही तारीख मला लगेच लक्षात राहिली. फरक असा की कोरियाचे प्रमाण पुढे सुमारे २००७ पर्यंत नैसर्गिक पातळीवर आले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती बंदीच कालबाह्य ठरवून काढली. आता काळजी वेगळी आहे : २०२३ मध्ये तिथला एकूण जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे सरासरी मुले, ०.७२ होता. मुलगा हवा की मुलगी, हा प्रश्न मागे पडून मूल हवे का, इथे बायका आल्या आहेत.

सोलापूरकर :

हे आकडे तुम्ही दिलेत तेव्हा मला कंटाळा आला नाही. का आला नाही, याचा विचार करतो आहे.

तिरफळ :

धागा वयात आला असे समजून आता डॉक्टरांबद्दल लिहिते. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथून मागे फिरावे.

शेवटी कळते की ही सगळी हकिकत जी-यंगच्या मानसोपचारतज्ज्ञाने लिहिली आहे. म्हणजे सोलापूरकर ज्याला अहवाल म्हणतात तो खरोखरच अहवाल आहे, रुग्णाचा कागद. स्वभाव नाही, खोड्या नाहीत, कारण ते त्याच्या कागदात मावत नाही. तो सहृदय आहे. त्याची स्वतःची बायको हुशार डॉक्टर, मुलासाठी काम सोडून घरी बसलेली, आणि त्यामुळे आपल्याला बायकांचे जग कळू लागले असे त्याला वाटते. त्यानंतर त्याच्या दवाखान्यातली समुपदेशक गरोदरपणामुळे काम सोडते, आणि तो मनाशी नोंद करतो की पुढच्या वेळी अविवाहित बाईच घ्यायची. पुस्तक तिथे संपते. मी शेवटचे पान उलटून पुढे काही आहे का ते पाहिले होते.

सोलापूरकर :

हे मी वाचले होते आणि तरीही माझ्या लक्षात आले नव्हते. निवेदक जितके पाहू शकतो तितकेच पुस्तक पाहते, असा तुमचा मुद्दा असेल तर माझा ‘सपाटपणा’चा आक्षेप लेखिकेकडून डॉक्टरकडे वळतो. मी पुन्हा वाचीन. तळटिपा मात्र मला अजूनही आवडत नाहीत.

निंबोणी :

तेवढे मतभेद राहू द्या, धागा त्यावरच चालतो. मूळ प्रश्नाबद्दल माझे मत थोडे हलले आहे. मी विधी किंवा माणसे असे विचारले होते. कागदी_होडी यांच्या सेइशूमुळे वाटते की ‘मला कळलेच नाही’ म्हणणारा माणूसही मोजायला हवा. जी-यंगचा नवरा, ओसेकीचा बाप, हा डॉक्टर, सगळे एकाच बाकावर बसतील. दुभाषीताई, त्या धाकट्या सुनेचे पुढे काय झाले?

दुभाषी :

आम्ही अजून संपर्कात आहोत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सोलच्या सोंगग्युनग्वान या कन्फ्यूशियस परंपरेच्या प्रमुख संस्थेनेच जाहीर केले की चुसॉकच्या मांडणीत तळलेले, परतलेले पदार्थ असलेच पाहिजेत असे नाही, थोडे पदार्थ पुरतात. तिने ती बातमी मला पाठवली आणि खाली लिहिले, सासूबाईंनाही पाठवली आहे. तासाभराने सासूबाईंचे उत्तर तिने मला दाखवले. त्यांनी लिहिले होते की बरे झाले, गुडघे दुखतात, यंदा जॉन बाजारातून आणू.

सणाच्या दिवशी तिने पूजेच्या मांडणीचे छायाचित्र पाठवले. जॉन दुकानातलेच होते, पण सासूबाईंनी ते वेष्टनातून काढून घरच्या ताटात गोल रचले होते, आणि काठाला लागलेले तेल पुसायला एक हात अर्धा छायाचित्रात आला होता. हात कुणाचा ते मी विचारले नाही.